हिवरमाळ : घरे एक्केचाळीस, लोकसंख्या शून्य

गोपाळकृष्ण आगाशे यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि त्यावर त्यांचं नाव नाही. हे दुःख ते खराडीतल्या आपल्या बारा मजली सोसायटीत भेटेल त्याला सांगत. लिफ्टमध्ये सांगत, भाजीच्या टेम्पोपाशी सांगत. एकदा तर पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या ड्रायव्हरलाही सांगितलं. बिचारा हॉर्न वाजवायचं विसरून ऐकत बसला.

पुस्तक म्हणजे मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याचा ग्रामकोश. सरकारी, जाडजूड, तपकिरी पुठ्ठ्याचा. जिल्ह्यातली झाडून सारी गावं त्यात: सीमा कुठून कुठे, ओढा कोणता, जमीन कसली, घरं किती, माणसं किती, आणि शेवटी चार ओळी इतिहास. गोपाळकृष्ण पुण्यातल्या त्या कचेरीत संकलक होते. कचेरीचं नाव सांगत नाही; त्यातले निम्मे वर गेले आणि उरलेले पेन्शन खातायत, कशाला उगीच. तर तिथल्या टेबलावर बसून यांनी सातशे एकोणीस गावं लिहिली. त्यातलं एकही डोळ्यांनी पाहिलं नाही, आणि त्यात काही कमी आहे असंही त्यांना कधी वाटलं नाही. "ताऱ्यांची अंतरं काढणारे काय वर जाऊन येतात?" असं ते विचारत.

पद्धत अशी होती. तलाठ्यांनी भरलेली पत्रकं पुण्याला यायची. त्यावरून शुद्ध मराठीत गाव उभं करायचं. पत्रकात काही शंका आली, तर त्याला गुलाबी चिठ्ठी लावून ते तहसिलीकडे परत पाठवायचं. याला फेरचौकशी म्हणत, आणि तिला दीड-दोन महिने लागत. बाकीच्यांच्या अशा चिठ्ठ्या शेकड्यांनी जायच्या. गोपाळकृष्णांची मात्र एकसुद्धा नाही! त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र दिवाणखान्यात टीव्हीच्या वर लावलेलं होतं. मुलगी नीरजा एकदा म्हणाली, "बाबा, तिथं मला घड्याळ लावायचंय." तर हे म्हणाले, "लाव की. पत्र काढ आणि लाव. नाहीतरी या घरात वेळ बघायला वेळ कुणाला आहे?" घड्याळ मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेलं.

नीरजा जवळच्याच एका आयटी कंपनीत होती. वडील सदाशिव पेठेत एकटे नकोत म्हणून पाच वर्षांपूर्वी तिनं त्यांना इकडे आणलं होतं. तेव्हापासून ते "पुण्याला जाऊन येतो" असं म्हणून बसमध्ये चढत. खराडी पुण्यात येते हे त्यांना अजून मान्य नव्हतं. इथं त्यांना मनाजोगतं बोलायला एकच माणूस मिळाला होता, तो म्हणजे गेटवरचा नागोराव.

नागोराव दिवसपाळीचा वॉचमन. पन्नाशी ओलांडलेला, मराठवाड्यातून आलेला, हडपसरला भाड्याच्या खोलीत राहणारा. अंगाला युनिफॉर्म थोडा ढगळ व्हायचा, पण टोपी कधी वाकडी नाही. रोज सकाळी गोपाळकृष्ण पेपर घेऊन खाली यायचे, केबिनशेजारच्या बाकावर बसायचे, बातम्यांना नावं ठेवायचे, आणि नागोराव गाड्यांना गेट उघडता उघडता "हाव काका" म्हणायचा. दोघांचं छान जमलं होतं.

एका सकाळी नागोरावानं पेपर उघडूच दिला नाही. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला झेरॉक्सचा कागद काढला.

"काका, तुमी त्या पुस्तकाच्या हापिसात व्हतात ना? मंग हे बघा बरं. गावाकडून चुलतभावानं पाठवलंय."

गोपाळकृष्णांनी चष्मा लावला. पान ओळखायला त्यांना शीर्षकाचीही गरज नव्हती. अक्षराचा खिळाही ओळखीचा होता.

"हिवरमाळ. बेचिराग. पूर्वेस कासारबोरी, पश्चिमेस टेकड्यांची रांग, दक्षिणेस लेंडी ओढा. जमीन हलकी, मुरमाड. घरे ४१, सर्व पडीक. लोकसंख्या शून्य. पटकीच्या साथीत येथील वस्ती उठली असे सांगतात. आता येथे फक्त वारा नांदतो."

शेवटच्या वाक्यावर त्यांचा जीव होता. 'वारा नांदतो' हे सुचलं त्या दिवशी त्यांनी स्वतःला एक मसाला दूध पाजलं होतं.

"हे तुमचं गाव?" त्यांनी विचारलं.

"हेच. आन् आता हे ऱ्हातंय का जातंय काय माहीत." नागोराव स्टुलावर टेकला. "आमाला नोटिसा आल्यात काका. एकशे बारा घरांना. मनायलेत, हे गाव बेचिराग हाय. दिवा लागत न्हाई ते बेचिराग, आसा त्यांचा कायदा. सरकारी दप्तरात इथं माणूसच न्हाई, मंग तुमी कोण? तुमी मागून येऊन बसलात. जागा सरकारची, घरं काढा."

"अहो, पण रेशनकार्डं असतील, मतदारयादी असेल."

"समदं कासारबोरीच्या नावानं. शाळाबी कागदावर तिकडचीच. तहसिलीतलं जुनं दप्तर वाळवीनं खाल्लं. राह्यलं ते हे एक पान. साहेब मनला, छापील हाय, सरकारचं हाय, ह्याच्यापुढं तुमच्या तोंडाला काय किंमत? बावीस तारखेला सुनावणी हाय." त्यानं कागद पुन्हा पिशवीत घातला. "वकील मनला, ज्यानं हे लिव्हलं तो माणूस जित्ता आसंल तर धुंडा. त्यानं येऊन सांगितलं, का बाबा चुकलं, तर काही व्हईल. तुमाला ठावं आसंल काका, कोन व्हता ते."

आता इथं एक वाक्य बोलायचं होतं. "मी." एवढंच. पण सातशे एकोणीस गावं बिनचूक लिहिल्याचं ज्यानं चाळीस वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलंय, त्याच्या तोंडून ते वाक्य कसं निघावं?

"खूप लोक होते तिथं," गोपाळकृष्ण म्हणाले. "बघतो."

"बघा काका." नागोरावाचा चेहरा उजळला. ते त्यांना फार लागलं. "पर पटकीचं मात्र खरं हाय बरं का. आमच्या गावात दगुड हाय."

"कसला दगड?"

"पटकीत गेलेल्यांचा. हे पुस्तक शाळेत आलं, तवा मास्तरनं वाचून दावलं. म्हाताऱ्या मनल्या, आमाला काई याद न्हाई, पर छापलंय मंजे आसंल. मंग वर्गणी काढून दगुड बसवला. दर सालाला चैतात तिथं नारळ फोडतेत."

पेपर बाकावर तसाच टाकून गोपाळकृष्ण वर निघून गेले.

पुणेकर माणूस काही फेकून देत नाही. पलंगाखालच्या पेटीत त्यांच्या कच्च्या टिपणांच्या वह्या होत्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, अकरा. हिवरमाळ सातव्या वहीत निघालं. तलाठ्याचं पत्रक एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या शिरगणतीवरून भरलेलं होतं; त्यात होतं ते त्यांनी तेव्हा जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: "घरे ४१. लोक ०. शेरा : सर्व घरांस कुलुपे."

कुलुपे.

सगळं आठवलं. साल ब्याऐंशी, पावसाळा. त्या शब्दापाशी ते तेव्हाही अडले होते. शेजारच्या टेबलावर सीताराम म्हणून एक सहकारी बसायचा, साधा माणूस. त्यानं वाकून पाहिलं आणि विचारलं, "गोपाळ, उजाड गावात कुलुपं कोण लावतं रे?" आणि हे म्हणाले होते, "भुतं." सगळं टेबल खो खो हसलं होतं. सोमवारी पानं छापखान्यात जायची होती. गुलाबी चिठ्ठी लावली असती तर दोन महिने गेले असते, आणि 'एकही फेरचौकशी नाही' हे बिरुद गेलं असतं. मग कुलुपे खोडून त्यांनी 'पडीक' लिहिलं. इतिहासाच्या रकान्यात काहीतरी लागतंच, म्हणून मागच्या पानावरच्या एका गावची पटकी उचलून इथं आणली. त्या गावात ती खरोखर येऊन गेली होती. या गावात ती गोपाळकृष्णांनी आणली.

माणूस मुळात वाईट नव्हता हो. पण स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होता, की एक्केचाळीस कुलुपं त्याला दिसली आणि त्यामागची माणसं दिसली नाहीत.

रविवारी दुपारी जेवताना त्यांनी नीरजाला सांगितलं. तिनं भात कालवता कालवता ऐकून घेतलं.

"तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणारे?"

"कुणाला नाही."

"मग?"

"मग काय मग! शहात्तराव्या वर्षी लोकांसमोर जाऊन सांगू, की आगाश्यांनी सरकारी पुस्तकात थापा मारल्या?"

"नका सांगू," नीरजा म्हणाली. "पण तुम्हाला तर कळलंय ना आता. म्हणजे तुम्ही ते आम्हाला रोज सांगणार. नाश्त्याला सांगणार, जेवताना सांगणार. त्यापेक्षा त्यांना एकदा सांगून टाका, बाबा. सगळ्यांचीच सुटका होईल."

पोरगी बापावरच गेली होती. गोपाळकृष्ण ताटावरून उठले.

पुढचे तीन दिवस ते पार्किंगमधल्या मागच्या दारानं बाहेर पडले. पेपर घरी वाचला. गच्चीतून खाली बघितलं, की बाक रिकामा दिसायचा आणि केबिनच्या दारात उभा राहून नागोराव लिफ्टकडे बघताना दिसायचा. चौथ्या दिवशी सकाळी, ड्यूटीला अर्धा तास असताना, बेल वाजली. दारात नागोराव. टोपी हातात.

"काका, बरं न्हाई का तुमाला? तीन दिस झाले दिसला न्हाईत. मनलं बघावं."

नोटिशीचा विषय त्यानं काढला नाही. हातात शेवग्याच्या शेंगा होत्या, बायकोनं मार्केट यार्डातून आणलेल्या. गोपाळकृष्णांनी त्याला आत घेतलं, सोफ्यावर बसा म्हणून सांगितलं. तो कडेला बसला, बरोबर त्या प्रशस्तिपत्राच्या समोर.

"नागोराव, एक विचारतो. एक्क्याऐंशी साली, फेब्रुवारीत, तुमचं गाव कुठं होतं?"

"कुठं आसंल मंजे? थळावर, उसाच्या फडाशी." नागोरावाला प्रश्नाचंच हसू आलं. "आमच्या गावात दसरा झाला, की माणूस ऱ्हात न्हाई काका. समदं ऊसतोडीला जातंय. म्हातारी, लेकरं, बैलं, कोंबड्या, समदी. दाराला कुलूप लावायचं, किल्ली कडोसरीला, आन् गाडे जुपायचे. पाडव्याच्या मागंपुढं माघारी यायचं. माणसंबी आमी कोयत्यावर मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. त्या साली बावन्न कोयते गेल्ते. मी आठ वर्साचा व्हतो."

"कुठल्या कारखान्याला गेला होतात?"

"हितंच की!" नागोरावानं खिडकीतून नदीच्या दिशेला बोट केलं. "मांजरीच्या अलीकडं. नदीच्या कडंनं पाचटाच्या खोप्या व्हत्या आमच्या. तवा ह्या अंगाला काई नव्हतं, उसाचे फड आन् बाभळी. आमचं समदं गाव त्या साली हितं व्हतं."

गोपाळकृष्ण उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पलीकडे मांजरीच्या बाजूला उंच क्रेन उभ्या होत्या. त्यांची कचेरी इथून फार तर चार कोस. ते टेबलाशी बसून 'आता येथे फक्त वारा नांदतो' लिहीत होते, त्याच्या आदल्या वर्षी ते अख्खं गाव, बैलांसकट आणि कोंबड्यांसकट, सायकलनं जाऊन यावं इतकं जवळ ऊस तोडत होतं. जिल्ह्याच्या त्या टोकाला जाणं जमलं नसतं, हे खरं. पण एक पोस्टकार्ड? एक गुलाबी चिठ्ठी?

"नागोराव," ते वळले. "तुमच्या वकिलाला जो माणूस हवाय, तो मी आहे. ते पान मी लिहिलंय. पत्रकात 'कुलुपे' लिहिलं होतं, मी ते 'पडीक' केलं. पटकी आलीच नव्हती. ती मी रचली. वही आहे माझ्याकडे, ही बघा."

नागोरावानं वही घेतली नाही. मग तो उभा राहिला. आवाज चढवणाऱ्यांतला तो नव्हता, आणि त्यानं तो चढवलाही नाही.

"काका, तुमी पटकी लिव्हली, त्याच्या आदल्या साली आमी तुमच्या गावचा ऊस तोडत व्हतो. तुमच्या च्यात ती साखर पडली आसंल." त्यानं टोपी घातली. "चाळीस वर्सं आमच्या म्हाताऱ्या दगडापुढं नारळ फोडायल्यात. न झालेल्या पटकीपायी."

दार त्यानं हळूच लावून घेतलं. गोपाळकृष्णांना वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. शेंगा टेबलावर होत्या तशाच राहिल्या. मग ते स्टुलावर चढले, प्रशस्तिपत्र काढलं आणि पेटीत ठेवलं. भिंतीवर खिळा राहिला. गेटवर जायची हिंमत मात्र झाली नाही.

दुपारी चार वाजता पाळी संपवून नागोराव परत आला. चेहरा अजून घट्टच होता. हातात मोबाइल होता, स्पीकर चालू केलेला.

"माय बोलतीया. तिला सांगा. मला सांगून काय उपेग, मी लहान व्हतो."

सुनावणीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. बावीस तारखेच्या सुनावणीला गोपाळकृष्ण रात्रभराचा प्रवास टाळून आदल्याच दिवशी गेले. वही पुढे ठेवली. नोंद माझी, चूक माझी, असं लिहून सही केली. साहेबानं दोनदा विचारलं, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? ते म्हणाले, "आणला असता तर चाळीस वर्षं लागली असती का?" नोटिसा थांबल्या आणि गावठाणाची नव्यानं मोजणी करायचा हुकूम निघाला. अजून बरंच व्हायचंय. कागदाचं गाव उठवायला एक ओळ पुरते, बसवायला वर्षं लागतात. पण वकिलाला त्या दिवसासाठी एक यादी हवी होती: त्या साली हिवरमाळात कोण कोण राहत होतं. ती यादी त्या दुपारी खराडीतल्या जेवणाच्या टेबलावर झाली, आणि मला सांगायचंय ते त्या यादीचं.

फोनवर नागोरावाची आई होती, मुक्ताई. सत्तरीच्या पुढची. मागं कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"मुक्ताबाई," गोपाळकृष्णांनी घसा साफ केला. "ते पुस्तकात लिहिणारा मीच. माझ्या हातून फार मोठी चूक झाली. चूकसुद्धा नव्हे. मी न बघता, न विचारता लिहिलं."

पलीकडे मुक्ताईनं कोंबड्या हाकलल्या.

"तुमीच लिव्हलं व्हय ते?"

"हो. मीच."

"मंग आता नीट लिव्हा."

एवढंच. गोपाळकृष्णांनी काय काय ऐकायची तयारी केली होती! त्यांनी घाईघाईनं कोरा कागद ओढला.

"घ्या. पयला गाडा किसनतात्याचा. तात्या, त्याची बायकू, दोन लेकं, एक सून, आन् सुनंचं एक लेकरू पोटचं."

"पोटचं म्हणजे झालेलं, की व्हायचं होतं?"

"झालेलं. व्हायचं आसतं तर मोजलं कशाला आसतं?"

साऱ्या सदाशिव पेठेत अशा तोडीचं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. ते खाली मान घालून लिहू लागले. मुक्ताईला गाव गाड्यांच्या ओळीनं पाठ होतं. चाळीस वर्षांपूर्वी शिवेच्या पुढं ज्या क्रमानं गाडे लागले, त्याच क्रमानं माणसं येत होती. तिसऱ्या गाड्यातली म्हातारी रस्त्यात आजारी पडली ती, सातव्या गाड्यावर जुळी पोरं होती ती. एका ठिकाणी नागोराव मध्येच म्हणाला, "माय, त्यांचा बैल लंगडा व्हता, तो गाडा मागं ऱ्हायला व्हता." आणि मुक्ताई म्हणाली, "गप. बैलं मोजायचीत का माणसं?" दोन तास गेले. नीरजा ऑफिसातून आली, काही न विचारता चहा ठेवून गेली. नागोरावानं कप घेतला. गोपाळकृष्णांनी ते पाहिलं.

बावन्न कोयते, त्यांची म्हातारी माणसं, त्यांची लेकरं. कागद तीन झाले. त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली.

"एकशे शहाऐंशी. झाले ना सगळे?"

"न्हाई. माझी लेक राह्यली."

नागोरावानं कप खाली ठेवला. त्यानं आईकडून हा विषय कधी ऐकलेला दिसत नव्हता. तो खिडकीकडे बघत राहिला.

"नाव सांगा," गोपाळकृष्ण म्हणाले.

"नाव न्हाई. नऊ दिसाची व्हती. खोपीतच झाली. बाराव्याला बारसं करायचं व्हतं. पाळणा कुठून आणावा, मनून दोऱ्या जमवून ठिवल्या व्हत्या."

पेन थांबलं. नियम त्यांना तोंडपाठ होता: मोजणीच्या दिवशी जो हयात, तो मोजायचा. न विचारता लिहिलं तर पुन्हा तेच झालं असतं.

"मुक्ताबाई, त्या साली शिरगणती झाली, त्या दिवशी ती होती का?"

"व्हती की. तो मास्तर वही घिऊन खोपीत आलता. ती मांडीवर व्हती माझ्या. वाकून बघितलं त्यानं. मनला, लेकरू गोड हाय. मंग मनला, तुमी हितले न्हाईत, तुमच्या गावाकडं मोजतील तुमाला. आन् गेला." आवाज जरासुद्धा हलला नाही. "दोन दिसांनी ती गेली. नदीची थंडी लय व्हती. तिथंच मातीत ठिवली. पुढं तुमच्या पुस्तकानं पटकी सांगितली, दगुड बसला, तवा मनात आलं, हिचंबी हितंच आसू द्यावं. मी तिचाच नारळ फोडते दादा. पटकी नव्हती तर नसू द्या, दगुड काढू नका. तिचं कुठंतरी काई आसावं."

गोपाळकृष्णांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. नागोरावानंही लपवलं नाही. तिला एखादं छानसं नाव सुचवावं, असं एक क्षण त्यांच्या मनात येऊन गेलं. आयुष्यभर त्यांना सुचतच आलं होतं. त्यांनी ते सुचू दिलं नाही. सांगितलं तेवढंच लिहिलं.

"वाचा बरं," मुक्ताई म्हणाली.

त्यांनी वाचलं. "हिवरमाळ. घरे एक्केचाळीस, सर्व घरांस कुलुपे. माणसे ऊसतोडीस मांजरीजवळ. लोकसंख्या एकशे सत्त्याऐंशी. शेवटची नोंद : मुक्ताई यांची मुलगी. वय नऊ दिवस. नाव ठेवलेले नाही."

नागोरावानं फोन लागलाय का ते बघितलं. लागला होता.

"माय?"

"हाय मी. दादा, ते शेवटचं आजून एकदा वाचा."

गोपाळकृष्णांनी चष्मा पुसला आणि ते परत वाचलं.